दुधाविना चॉकलेट मूस

चॉकलेट मूसला एरवी मलई आणि अंड्यांमुळे येणारा मऊपणा पिकलेल्या अ‍ॅव्होकॅडोच्या गरातूनही मिळतो. या फळात सुमारे १५ टक्के स्निग्धांश असतो, त्यातही ओलेइक आम्ल जास्त. २ फळांच्या गरात ४ मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, चवीपुरता भिजवलेला खजूर, थोडे नारळाचे दूध आणि चिमूटभर मीठ घालून मिक्सरमधून गुळगुळीत वाटावे. फळ देठापाशी दाबल्यावर किंचित दबले पाहिजे. कच्चे असेल तर गुठळ्या राहतात आणि ती हिरवट चव कोकोलाही झाकता येत नाही. फ्रिजमध्ये २ तासांत मिश्रण घट्ट होते. कोलेस्टेरॉल नाही, तंतू भरपूर. उष्मांक मात्र कमी नसतात, त्यामुळे लहान वाटीच पुरे.