जाड, तरी मवाळ

जाड टाइप म्हटला की दुकानाच्या सेलची आरडाओरड आठवते. कूपर ब्लॅक मात्र आकाराने भरभक्कम असूनही कुणाच्या अंगावर धावून येत नाही. शंभर वर्षे उलटली, तरी या रोमन अक्षरवळणाची मागणी टिकून आहे आणि त्याचे श्रेय मी त्याच्या गोलाईला देतो.

या टाइपमधला छोटा ‘ओ’ मोठा करून पाहा. बाहेरची रेषा जवळपास वाटोळी, पण आतली पोकळी अगदी लहान आणि डावीकडे कललेली. ‘आय’वरचा ठिपकाही लंबगोल. जुन्या वळणाच्या रोमन अक्षरांना टोकांशी जी बारीक पाती असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, ती इथे फुगीर होऊन अक्षराच्या अंगातच मिसळली आहेत. सपाट बूड जवळपास कुठेच नाही. ओळीत एखादे अक्षर केसभर वरखाली झाले तरी ते डोळ्यांना खुपत नाही, याचे कारण हेच. छपाईतली इतकी उपयोगी युक्ती इतक्या देखण्या रूपात क्वचितच सापडते.

हा टाइप रेखाटला ऑस्वल्ड कूपर (१८७९–१९४०) यांनी. शिकागोत जाहिरातींसाठी हाताने अक्षरे काढणे हा त्यांचा व्यवसाय. ‘बर्ट्श अँड कूपर’ ही भागीदारी त्यांनी १९०४ मध्ये सुरू केली होती. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या तिथल्याच टाइप फाउंड्रीसाठी त्यांनी आधी ‘कूपर ओल्ड स्टाइल’ केला आणि मग १९२२ मध्ये आला त्याचा हा काळाभोर भाऊ. जाहिरातदारांनी तो उचलून धरला. शुद्धतावादी मुद्रकांनी नाके मुरडली, पण खप काही थांबला नाही.

शिशाच्या खिळ्यांना एक अडचण होती. प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनी ठोकळ्यावर बसलेले असल्याने जुळाऱ्याला दोन अक्षरे एका मर्यादेपलीकडे जवळ आणता येत नसत. साठच्या दशकात फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी फिल्मवरून अक्षरे जुळवणे, रुळले, रगडून उमटवायची लेट्रासेटची अक्षरे आली आणि ही मर्यादा गेली. अक्षरे एकमेकांना खेटून, प्रसंगी एकमेकांवर चढून बसू लागली. माझ्या मते कूपर ब्लॅक खरा खुलला तो इथे. बीच बॉईजच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या अल्बमचे वेष्टन पाहा. वर हिरवी पट्टी, तीत पिवळी-पांढरी, दाटीवाटीने बसवलेली अक्षरे आणि खाली बकऱ्यांना खाऊ घालणारी गायक मंडळी. त्या पट्टीत दुसरा कुठला टाइप मला कल्पनेतही बसवता येत नाही. सत्तरच्या दशकात इस्त्रीने टी-शर्टवर चिकटवायच्या अक्षरांतही तो सर्रास दिसू लागला. ‘डॅड्स आर्मी’ या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या नामावलीत तो आहे आणि ईझीजेटच्या नारिंगी-पांढऱ्या विमानांवरही. स्वस्तात प्रवास घडवणाऱ्या कंपनीला आपलेपणा हवा असतो, रुबाब नव्हे. ती निवड मला अचूक वाटते.

मुखपृष्ठ, फलक, खाऊचे वेष्टन, मुलांच्या पुस्तकाचे नाव, अशा दोन-चार शब्दांच्या कामाला हा टाइप उत्तम. त्यात अख्खा परिच्छेद लावणे मात्र अन्यायच. बारीक आकारात त्या इवल्या पोकळ्या शाईने बुजतात आणि ओळ काळी पडते. मजकुरालाही तेच वळण हवे असेल, तर थोरला भाऊ ‘कूपर ओल्ड स्टाइल’ घ्यावा. चेहरा तोच, अंगाने हलका.