तारीख ठरली, पुढे काय?

१९ फेब्रुवारी म्हटलं की आपण आधी बघतो, यंदा लाँग वीकेंड मिळतोय का? पण शिवजयंतीची ही तारीख सरकारदरबारी पक्की व्हायला २००१ साल उजाडावं लागलं. तोवर वाद होता तो थेट जन्मसालाचाच, १६२७ की १६३०? टिळकांनी १९१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने पारडं १६३०कडे झुकवलं. तरी आजही अनेक जण फाल्गुन वद्य तृतीयेलाच जयंती करतात.

मला विचाराल तर दिवस ठरला ते बरंच झालं. सरकारी सोहळ्यामुळे शिवनेरीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण त्याच जुन्नर तालुक्यात, घाटघरच्या डोक्यावर जीवधन उभा आहे. शिवबा लहान असताना शहाजीराजांनी इथूनच बाल निजामशहाला सोडवून गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. १८१८मध्ये इंग्रजांनी गडाच्या पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. आजही ट्रेकर कातळातल्या खोबण्या धरूनच वर चढतात.

या गडाच्या वाट्याला कॅलेंडरमधला दिवस नाही. म्हणूनच सांगते, तारीख मानत असाल वा तिथी, शिवनेरी उतरलात की गाडी घाटघरकडे वळवाच!