अळीच्या पाठीवरची ढाल

बेळगाव परिसरात रताळ्याच्या वेलाची पाने कधी कधी भोके पडून चाळणीसारखी झालेली दिसतात. अशी पाने उलटून पाहिली, तर कासवाच्या पाठीसारखे कवच असलेला एक लहानसा चकचकीत भुंगेरा आढळतो. त्याच्या जवळच एखादा मळकट ठिपका असतो. काडीने स्पर्श करताच तो ठिपका हलतो. ती त्याच भुंगेऱ्याची अळी होय.

प्रौढ भुंगेऱ्याला कवचाचा आश्रय असतो. अळी मात्र मऊ, मंद आणि उघडी. तिच्या शेपटाशी बेचकीसारखा एक अवयव असतो. कात टाकल्यावर ती कात फेकून न देता अळी या बेचकीवर अडकवून ठेवते. अनेक जातींत तिच्यावर विष्ठेचे थरही चढतात. अशा रीतीने तयार झालेली ढाल ती पाठीवर धरते आणि मुंगी ज्या बाजूने येईल त्या बाजूस फिरवते. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस आयस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातील एका अळीचे हे वर्तन १९६७ साली शास्त्रीय नियतकालिकात मांडले.

ही ढाल केवळ आडोसा आहे, की तिच्यात काही औषधही आहे? वांग्याच्या कुळातील एका वनस्पतीवर जगणाऱ्या अशाच अमेरिकन अळीवर प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ढाल काढून घेतलेल्या अळ्या मुंग्यांच्या भक्ष्यस्थानी पडल्या. अळ्यांना पालकाची किंवा सलाडची पाने खाऊ घातली, तेव्हा त्यांच्या पाठीवर ढाल होती, पण तिने मुंग्या दूर राहिल्या नाहीत. द्रावकाने धुतलेली ढालही निरुपयोगी ठरली. म्हणजे ढालीचे बळ मूळ वनस्पतीच्या कडू, विषारी द्रव्यांत होते. वनस्पतीने स्वतःच्या रक्षणासाठी सिद्ध केलेले विष पचवून अळीने ते आपल्या रक्षणास लावले!

विलो आणि पॉप्लर वृक्षांवरील काही पानभुंगेऱ्यांच्या अळ्या याहून पुढे गेल्या आहेत. पानातील सॅलिसिन पाठीवरच्या ग्रंथींत नेऊन त्या त्याचे विघटन करतात. त्यातून निघणारी साखर अन्न म्हणून उपयोगी पडते, आणि उरलेल्या भागापासून उग्र वासाचे सॅलिसिलाल्डिहाइड बनते. शत्रूची चाहूल लागताच त्याचे थेंब ग्रंथींच्या तोंडाशी येतात.

अर्थात कोणतीही ढाल सर्वांपुढे टिकत नाही. कित्येक कासव-भुंगेऱ्यांच्या अंड्यांतच सूक्ष्म गांधीलमाश्या आपली अंडी घालतात. तेथे अळी जन्मास येण्यापूर्वीच लढाई संपते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. रताळे पोखरणारा सोंड्या भुंगा हा निराळाच कीटक. कासव-भुंगेरा पाने खातो आणि त्याचा उपद्रव बहुधा मर्यादित असतो. भोके दिसताच सरसकट फवारणी केली, तर अळीबरोबर तिचा हा नैसर्गिक शत्रूही नाहीसा होतो.

म्हणून विद्यार्थ्यांनी हाती आधी भिंग घ्यावे, पंप नंतर. जिला आपण घाण समजून झटकतो, ती एका दुबळ्या जिवाची आयुष्यभर जमवलेली पुंजी असते.