गोधडीची पिशवी आणि घरबसल्या श्रमाचे मोल

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरील होसकोटे मराठी वाचकाला अगदीच परके नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांकडे आलेल्या जहागिरीत बंगळूर व कोलारबरोबर होसकोटेचाही समावेश होता. आज हा परिसर बंगळूरच्या औद्योगिक पट्ट्यात मोडतो. बंगळूर हे तयार कपड्यांच्या उद्योगाचे प्रमुख केंद्र असल्याने कापणीनंतर उरलेले कापडाचे तुकडे ही येथील घरगुती शिलाईची एक संभाव्य साधनसंपत्ती ठरते. कर्नाटकातील कौदी आणि महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ यांचे तत्त्वही हेच: टाकाऊ कापडाला श्रमाची जोड देऊन मूल्य निर्माण करणे.

निर्मितीची प्रक्रिया

गोधडीच्या पद्धतीने शिवलेल्या प्रवासी पिशवीत तीन थर असतात: वरचे कापड, मधले भरण आणि आतील अस्तर. हे थर धावदोऱ्याने एकत्र शिवले जातात. टाके घातल्यावर कापड आक्रसते, म्हणून तुकडा मापापेक्षा मोठा घेऊन आधी टाके घालावे लागतात व नंतर कापणी करावी लागते. त्यानंतर चेन व पट्टे जोडून कडांना गोट लावला जातो. यात कापडापेक्षा वेळच अधिक खर्ची पडतो.

मजुरीचे गणित

समजा, एका पिशवीस १८० रुपयांचे साहित्य व सहा तास लागले आणि मध्यस्थाने ती ३०० रुपयांना घेतली. येथे मूल्यवर्धन १२० रुपयांचे, म्हणजे तासाला अवघे २० रुपये. यंत्राचा घसारा व वीज वजा केल्यास ही रक्कम आणखी घटते. घरातील काम 'फावल्या वेळातील' मानले गेल्याने शिवणारी स्त्री स्वतःचे तास मोजतच नाही आणि नगावरील दर मध्यस्थ ठरवतो.

कायदा व योजना

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरबसल्या कामगारांसाठी करार क्रमांक १७७ संमत केला. इतर वेतनधारकांशी समान वागणूक हे त्याचे सूत्र आहे. भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. मात्र असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा अधिनियम, २००८ मध्ये आणि त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गृहाधारित कामगारा'ची व्याख्या आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर अशा कामगारांची नोंदणी होऊ शकते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा अंतर्भाव आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत एकूण तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने विनातारण कर्ज, असे तिचे स्वरूप आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. स्वतःचा माल विकणारी कारागीर स्वयंरोजगारित असते, तर दुसऱ्याच्या मागणीनुसार नगावर शिवणारी स्त्री वस्तुतः वेतनकामगार असते. पहिलीस भांडवल व बाजारपेठ हवी, दुसरीस न्याय्य दर. केवळ कर्ज दिल्याने दुसरीचा प्रश्न सुटत नाही.

बचत गटांमार्फत एकत्रित खरेदी व विक्री झाल्यास सौद्याची शक्ती वाढू शकते. परंतु त्याची सुरुवात साध्या नोंदवहीपासूनच व्हावयास हवी: साहित्य किती आणि तास किती. जो श्रम मोजला जात नाही, त्याचे मोलही मागता येत नाही.