जीएडीचा तपकिरी रंग

पुण्याजवळच्या मांजरी गावात कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी ‘सीरम इन्स्टिट्यूट’ला कामाला असतं. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली उभ्या केलेल्या या संस्थेने आरंभी घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचं प्रतिविष काढलं. धनुर्वाताचं विष मज्जारज्जूत ग्लायसिन आणि गाबा ही स्नायूंना आवर घालणारी रसायनं सुटूच देत नाही. म्हणून जबडा आवळतो. त्या विषाला अडवतं ते प्रतिविषातलं प्रतिपिंड. आणि गाबा मेंदूत कुठे तयार होतं हे शोधायलाही प्रतिपिंडच लागतं. जीएडी नावाचं एन्झाइम ग्लुटामेटपासून गाबा बनवतं, त्यालाच ते चिकटतं.

हे काम मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जवळून पाहिलं. उंदराच्या अनुमस्तिष्काचे ४० मायक्रॉन जाडीचे काप बफरमध्ये तरंगत होते. संशोधक मुलगी ते बारीक ब्रशने एका खाचेतून दुसऱ्या खाचेत नेत होती; जरा घाई झाली की काप दुमडतो. आधी बकरीचं सीरम, प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून. मग हजारपट पातळ केलेलं जीएडीचं प्रतिपिंड, रात्रभर ४ अंशांवर. सकाळी धुऊन घेतल्यावर पहिल्याला पकडणारं दुसरं प्रतिपिंड, आणि शेवटी तपकिरी रंग आणणारं डीएबी. हे रसायन घातक, त्यामुळे हातमोजे घालूनच. या टप्प्यावर तिची नजर कापांवरून हलली नाही. थोडा वेळ जास्त झाला की सगळंच तपकिरी होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पर्किंजे पेशींची रांग आणि त्यांना बिलगलेले तपकिरी ठिपके दिसले. यूजीन रॉबर्ट्स यांच्या गटाने १९७४ साली जीएडी अशाच रीतीने अनुमस्तिष्कात दाखवलं होतं.

तिने मात्र आधी पाहिला तो पहिलं प्रतिपिंड न घातलेला काप. तो कोरा होता. पण त्यातून दुसरं प्रतिपिंड आपणहून कुठे चिकटत नाही, एवढंच कळतं. पहिल्याने जीएडीच धरलं का, हे पाहायला प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर जीएडीच्या दोन रूपांचे, ६५ आणि ६७ किलोडाल्टनपाशी, पट्टे दिसायला हवेत. बाटलीवरच्या लेबलवर विसंबून ही पायरी गाळणं मला गैर वाटतं.

हीच रीत वापरून १९८८ साली सोलिमेना, दे कामिल्ली आणि सहकाऱ्यांनी अंग ताठरणाऱ्या एका रुग्णाचं सीरमच मेंदूच्या कापांवर घातलं, तेव्हा जीएडी असलेल्या जागाच रंगल्या. रुग्णाचं शरीर स्वतःच्याच जीएडीविरुद्ध प्रतिपिंडं बनवत होतं. त्याला टाइप १ मधुमेहही होता, आणि जीएडी स्वादुपिंडातही असतं. मधुमेहाचा प्रकार ठरवताना डॉक्टर आज रक्तातली हीच प्रतिपिंडं तपासायला सांगतात.