लॅबव्ह्यूची ओळख, भाग ११ : आकडा दिसतो, पण वाचला जात नाही

मागच्या भागात तापमान-नियंत्रकाचं उत्तर सिरियल पोर्टवरून फ्रंट पॅनेलवर आणलं. चौकटीत 'टी=२३.५' स्पष्ट दिसतं, पण आलेखाची रेघ मात्र शून्यावर आडवी पडलेली. लॅबव्ह्यू शिकणाऱ्या बहुतेकांना इथे ठेच लागते, म्हणून आजचा भाग यालाच दिला आहे.

गुलाबी वायर म्हणजे मजकूर, नारिंगी म्हणजे दशांश संख्या, निळी म्हणजे पूर्णांक. गुलाबी वायर नारिंगी टर्मिनलला थेट जोडली तर ती तुटकी दिसते आणि प्रोग्राम चालतच नाही. ही चूक लगेच कळते. घोटाळा होतो तो वायर जुळल्यावर. कुणी घाईत मधे 'टाइप कास्ट' टाकतं, प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि २३.५ या मजकुराचा ३२-बिट पूर्णांक म्हणून पडद्यावर येतो ८४,२२,१४,९६५! या चार अक्षरांचे आस्की क्रमांक ५०, ५१, ४६ आणि ५३. टाइप कास्ट रूपांतर करत नाही. त्याने ते चार बाइट सलग ठेवले आणि एकच पूर्णांक म्हणून वाचले.

दशांश संख्येसाठी 'फ्रॅक्ट/एक्स्प स्ट्रिंग टू नंबर' हे फंक्शन वापरायचं. त्याच पॅलेटमधलं 'डेसिमल स्ट्रिंग टू नंबर' फक्त पूर्णांक वाचतं आणि २३.५ मधले २३ देऊन थांबतं.

आता त्या शून्याकडे वळू. मजकुराची सुरुवात 'टी=' अशी असेल तर फंक्शनला पहिल्याच अक्षराला संख्या सापडत नाही. ते एरर देत नाही, गुपचूप डिफॉल्ट किंमत पुढे पाठवतं, आणि डिफॉल्ट असतो शून्य. मला हे सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण तापमान शून्य अंशही असू शकतं; खरं शून्य कोणतं आणि न वाचल्याचं शून्य कोणतं, हे आलेख बघून कळणार नाही. म्हणून डिफॉल्टच्या टर्मिनलला 'नॅन' हा स्थिरांक जोडा. नॅन म्हणजे 'ही संख्याच नाही'. मग वाचन फसलं तिथे आलेखाची रेघ तुटते आणि चूक नजरेत भरते. मजकुराचा साचा ठरलेला असेल तर त्याहून चांगला उपाय 'स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग'. साच्यात 'टी=' लिहून पुढे संख्येची खूण द्यायची; मजकूर जुळला नाही तर एरर ८५ येतो.

दशांशचिन्हाची भानगड आपल्याकडे सहसा लक्षात येत नाही. 'फ्रॅक्ट/एक्स्प स्ट्रिंग टू नंबर'ला संगणकाच्या सेटिंगमधलं दशांशचिन्ह मानायचं का, असं एक इनपुट असतं आणि ते मुळातच 'हो'वर असतं. भारतीय सेटिंगमध्ये टिंब असल्याने काम सुरळीत चालतं. तोच प्रोग्राम पुण्याहून जर्मनीला गेला की तिथल्या संगणकाला स्वल्पविराम हवा असतो, आणि २३.५ चे २३ होतात. त्या इनपुटला 'फॉल्स' जोडा. 'स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग'मध्ये साच्याच्या सुरुवातीला %.; लिहिलं की टिंबच मानलं जातं.

आकडा कधी बरोबर, कधी अर्धवट येत असेल तर दोष रूपांतराचा नाही, वाचण्याच्या वेळेचा आहे. पोर्टवर आत्ता किती बाइट आहेत ते मोजून तेवढेच उचलले, तर एकदा '२३' हाती लागतं आणि '.५' पुढच्या फेरीत येतं. उपकरण ओळीच्या शेवटी लाइन फीड पाठवत असेल तर सिरियल पोर्ट हाताळणाऱ्या 'व्हिसा'चं टर्मिनेशन कॅरेक्टर चालू ठेवा आणि बाइटची संख्या भरपूर द्या. ओळ पूर्ण झाली की वाचन आपोआप थांबतं.

आणि काहीही बदलण्याआधी मजकुराच्या चौकटीवर राइट-क्लिक करून बॅकस्लॅश-कोडचा डिस्प्ले निवडा. नेहमीच्या डिस्प्लेत न दिसणारे कॅरेज रिटर्न, टॅब, स्पेस तिथे उघड होतात. काही उपकरणं आपलीच आज्ञा आधी परत पाठवतात आणि मग उत्तर देतात. तेही तिथेच कळतं. आधी फंक्शन बदलत बसण्यात तासच्या तास जातात.

पुढच्या आठवड्यात एका ओळीत स्वल्पविरामाने आलेले अनेक आकडे ॲरेत घेऊ. तोवर आपल्या उपकरणाचं एक उत्तर बॅकस्लॅश-कोडसकट वहीत उतरवून ठेवा. पुढच्या भागात ते लागेल.