महिलांची एकेरी कॅनो शर्यत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१० ऑगस्ट २०२४. पॅरिसजवळच्या व्हॅर-सुर-मार्न इथल्या जलमार्गावर ऑलिंपिकची महिला एकेरी कॅनो २०० मीटर अंतिम शर्यत झाली. कॅनडाची केटी व्हिन्सेंट ४४.१२ सेकंदांत पोहोचली, तर टोकियोची विजेती अमेरिकेची नेव्हिन हॅरिसन ४४.१३ सेकंदांत. सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्णपदक ठरलं.

पाणी आपल्यालाही परकं नाही. जबलपूरच्या मराठी घरांत नर्मदा रोजच्या बोलण्यात असते. ग्वारीघाटचं स्नान, भेडाघाटची नौकासफर, परिक्रमावासींची विचारपूस हे सगळं ओळखीचं. पाण्यावरच्या खेळांत देशात आघाडीवर असलेलं मध्य प्रदेश राज्यही आपलंच. तरीही मुलीने ‘मला कॅनोइंग करायचंय’ म्हटलं, की घरातून येणाऱ्या शंका बहुधा ऐकीव माहितीवर उभ्या असतात. त्या एकेक करून तपासायला हव्यात, कारण याच शंकांनी जगभरच्या मुलींना या होडीपासून फार काळ दूर ठेवलं.

गैरसमज १: कयाक आणि कॅनो एकच.

वस्तुस्थिती: दोन्ही होड्या अरुंद आणि टोकदार असतात, म्हणून गल्लत होते. कयाकमध्ये खेळाडू बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं आळीपाळीने दोन्ही बाजूंना मारतो. कॅनोमध्ये एक गुडघा टेकवून, दुसरा पाय पुढे रोवून, एकाच पात्याचं वल्हं एकाच बाजूला मारायचं असतं. उजवीकडे वल्हवणारी उजवा गुडघा टेकवते. ‘सी-१’ म्हणजे एकीची कॅनो, ‘सी-२’ म्हणजे दोघींची. सी-१ होडीची लांबी जास्तीत जास्त ५.२ मीटर असते.

एकाच बाजूला वल्हवल्यावर होडी दुसऱ्या बाजूला वळणारच. कयाकला सुकाणू असतं, ते पायाने हलवता येतं. कॅनोला सुकाणू नसतं. त्यामुळे प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याचं पातं किंचित फिरवून होडी सरळ करावी लागते, आणि तेही वेग न घालवता.

गैरसमज २: मग ही निव्वळ दंडातल्या ताकदीची शर्यत.

वस्तुस्थिती: २०० मीटरला ताकद लागतेच, पण फटक्याचा जोर येतो तो कंबर, पाठ आणि पोटाच्या स्नायूंतून. शरीर पुढे झुकवून वल्हं पाण्यात रोवायचं आणि होडी त्याच्यापाशी ओढून न्यायची. वारा कुठल्या बाजूने येतो, यावरही बरंच ठरतं. तो होडीला ज्या बाजूला ढकलतो त्यानुसार उजवीकडे आणि डावीकडे वल्हवणाऱ्यांचं काम कमी-जास्त अवघड होतं. आपली लेन सोडली तर बाद. होडीचं टोक रेषेवर पोहोचताना खेळाडू होडीत असावी लागते, पाण्यात पडली तर शर्यत संपली.

वारा आणि पाणी रोज बदलतं, म्हणून या खेळात ‘विश्वविक्रम’ऐवजी ‘जागतिक सर्वोत्तम वेळ’ नोंदवली जाते. वेगवेगळ्या दिवसांच्या वेळांची तुलना करून ‘ही मागे पडली’ म्हणणं त्यामुळेच चुकीचं.

गैरसमज ३: गुडघ्यावर बसून वल्हवणं मुलींच्या शरीराला घातक आहे.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त नुकसान या समजाने केलं. एका बाजूचा ताण आणि गुडघ्यावरची बैठक यांमुळे स्त्रीच्या प्रजननक्षमतेला धोका पोहोचतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पुरुषांची कॅनो शर्यत १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकपासून आहे. महिला १९४८च्या लंडन ऑलिंपिकपासून कयाक वल्हवत आल्या, पण कॅनोचं दार त्यांना बंदच राहिलं. २००९च्या जागतिक स्पर्धेत महिलांची कॅनो केवळ प्रदर्शनापुरती होती. २०१० साली पोलंडमधल्या पोझ्नान इथे ती पहिल्यांदा पदकासाठी झाली आणि कॅनडाची लॉरेन्स व्हिन्सेंट-लापॉइंट पहिली जगज्जेती ठरली. ऑलिंपिकसाठी मात्र २०२१ साली झालेल्या टोकियो स्पर्धेपर्यंत थांबावं लागलं. त्या वेळी पुरुषांची सी-१ २०० मीटर वगळून महिलांच्या शर्यतीला जागा करण्यात आली.

टोकियोच्या विजेतीची गोष्ट या गैरसमजाला पुरेसं उत्तर आहे. नेव्हिन हॅरिसनला धावपटू व्हायचं होतं. खुब्याच्या सांध्याच्या घडणीतच दोष असल्याचं निदान झालं आणि धावणं सोडावं लागलं. त्याच मुलीने २०१९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सी-१ २०० मीटरचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं आणि एकोणिसाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण. एका बाजूच्या सरावामुळे स्नायूंचा समतोल बिघडू शकतो, हे खरं आहे. पण ते पुरुषांनाही तितकंच लागू आहे. दुसऱ्या बाजूचे व्यायाम आणि गुडघ्याखाली नीट बसवलेली गादी हा त्यावरचा उपाय.

गैरसमज ४: २०० मीटरच ठेवलंय, कारण त्यापुढे महिलांना जमत नाही.

वस्तुस्थिती: जागतिक स्पर्धांत महिला सी-१ मध्ये ५००, १००० आणि ५००० मीटरही वल्हवतात. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये महिलांची सी-२ शर्यत ५०० मीटरची होती. चीनच्या शू शिशाओ आणि सुन मेंग्या यांनी ती दोन्ही वेळा जिंकली. ऑलिंपिकमधल्या शर्यतींची संख्या मर्यादित असते. कोणतं अंतर ठेवायचं हा कार्यक्रम आखणाऱ्यांचा निर्णय असतो, महिलांच्या दमाशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज ५: आपल्याकडे नर्मदा आहे, म्हणजे सराव आपोआप होईल.

वस्तुस्थिती: पाणी असलं म्हणजे शर्यतीचा मार्ग असतोच असं नाही. स्प्रिंटला, म्हणजे सपाट पाण्यावरच्या या शर्यतीला, संथ, सरळ पाणी आणि आखलेल्या लेन लागतात. भेडाघाटच्या धुआंधार धबधब्याखालची संगमरवरी दरी डोळ्यांचं पारणं फेडते, पण तिथे स्प्रिंट होऊ शकत नाही. खळाळत्या पाण्यातून, लटकवलेल्या खांबांमधून वाट काढायची असते त्या खेळाला स्लॅलम म्हणतात. त्याची होडी, तंत्र आणि नियम निराळे. २०२३च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत हा फरक स्पष्ट दिसला. स्लॅलम झाली अहिल्याबाईंच्या महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेत. सपाट पाण्यावरच्या शर्यती झाल्या भोपाळच्या तलावावर.

जबलपूरपासून जवळ बरगी धरणाचा जलाशय आहे. नर्मदेवरच्या धरणांच्या साखळीत सुरुवातीला पूर्ण झालेल्या मोठ्या धरणांपैकी हे एक. पाण्याची कमतरता आपल्याला नाही. पण खेळाडू घडायला होड्या, प्रशिक्षक, बचावाची नौका आणि वर्षभराचा सराव लागतो. ही व्यवस्था राज्यात भोपाळला, वॉटर स्पोर्ट्स अकादमीत उभी आहे. जबलपूरने तिरंदाजीत अकादमीच्या जोरावर मुस्कान किरारसारखी आशियाई पदकविजेती घडवली. व्यवस्था असेल तर शहर काय करू शकतं, हे त्यातून दिसतं.

गैरसमज ६: प्राची यादव आणि पूजा ओझा यांची पदकं याच शर्यतीतली आहेत.

वस्तुस्थिती: दोघी मध्य प्रदेशच्या, दोघींचा अभिमान वाटावा अशाच. पण त्यांचा खेळ पॅराकॅनो. त्यात दोन प्रकारच्या होड्या असतात: कयाक आणि ‘वा’. कोकणातल्या होडीला असते तशी उलांडी ‘वा’ला असते आणि खेळाडू त्यात बसून एका पात्याचं वल्हं मारते. ग्वाल्हेरची प्राची टोकियो पॅरालिंपिकमध्ये वल्हवणारी पहिली भारतीय पॅराकॅनोपटू ठरली आणि अंतिम फेरीत आठवी आली. २०२२ साली पोझ्नानच्या विश्वचषकात तिने कांस्य मिळवलं. २०२३ साली हांगचौला झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत कयाकमध्ये सुवर्ण आणि ‘वा’मध्ये रौप्य. भिंडच्या पूजाने ऑगस्ट २०२२ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलं. हा पॅरा गट सोपा असल्याचा समजही चुकीचा. खेळाडूंची विभागणी पाय आणि धड यांच्या क्षमतेनुसार होते, आणि पाय साथ देत नसताना सगळा वेग धड-हातांतून काढावा लागतो.

गैरसमज ७: हा श्रीमंतांचा खेळ, आपल्या मुलीला कुठून जमणार?

वस्तुस्थिती: स्पर्धेची होडी महाग असते आणि एकट्या कुटुंबाला परवडत नाही, हे मान्य. म्हणूनच भारतात हा खेळ अकादम्या आणि सेनादलांच्या आधाराने वाढला. सिहोर जिल्ह्यातल्या मासेमार कुटुंबातली कावेरी ढीमर भोपाळच्या अकादमीत घडली आणि भारतासाठी कॅनो वल्हवू लागली.

घरच्यांनी आधी पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. मुलीला उत्तम पोहता येतं का? शिकताना लाइफ जॅकेट आणि बचावनौका असते का? प्रशिक्षक दोन्ही बाजूंचे व्यायाम करून घेतो का? या तीन प्रश्नांची उत्तरं होकारार्थी असतील, तर नाही म्हणायला कारण उरत नाही. महिलांच्या कॅनोला जागा नव्हती ती स्पर्धांच्या कार्यक्रमात, आणि तो कार्यक्रम बदललाही आहे. आता घरातल्या मोठ्यांनी मुलीला तलावापर्यंत सोडायला जायचं आहे.